गाण्यातली बायको

माहं नाव बेबी. पन्नाशीले टेकली तरी बेबीच. मोहगावच्या पल्याडचं खेडं माहं, बापाले आम्ही चार पोरी, मी शेवटची, तं नाव ठेवाचा कंटाळा आला असन त्याले, बेबी म्हने बेबी, अन् तेच राह्यलं, वोटर कार्डावर बी तेच हाये. माय दुसऱ्याच्या वावरात कापूस येचे अन् आम्ही तिच्या मांगं मांगं. खर्रा मले मायनंच लावला, म्हंजे मुद्दाम नाई लावला, थंडीच्या दिसात सकाळी सकाळी बोंडाले हात लावला का बोटं आखडून जात, तं माय तिच्या पुडीतली चिमूटभर सुपारी-तंबाखू देये अन् म्हने ठेव गालात, आंग गरम राह्यते. तवापासून गालात हाये तो. तुम्ही लिहून घेता घेता म्हनान ताई, का सुरुवातीलेच ही बाई खर्र्याचं कायले सांगून रायली, पन माही सारी कहानी त्या पुडीपाशीच येऊन अटकते, म्हनून आधीच सांगून टाकलं.

लगन झालं अन् तिगावले आली. सुजाता माही एकुलती एक पोरगी, अन् सुजाताचे बाबा म्हंजे माहे मालक. ते पांढुर्न्याले कापसाच्या जिनिंगात कामाले, पन त्याहीचा जीव सारा गान्यात. हारमोनियम, ढोलक अन् चार साथीदार, अशी त्याहीची पार्टी. जयंतीच्या महिन्यात तं मानूस घरी दिसतच नाई, आज या गावी, उद्या त्या गावी. मी संत्र्याच्या छाटणीवर जाये, आजबी जाते. सकाळी ठेकेदाराची पिकअप येते, आम्हा बायाले बसवून बगीच्यात नेते, मानसं झाडावरून तोडून ढीग घालतात अन् आम्ही ढिगाच्या भवताल बसून छाटतो, मोठं इकडच्या कॅरेटात, बारीक तिकडच्या, डागी बाजूले. हात चालते अन् तोंडबी चालते. छाटणीवर मुकी बाई टिकतच नाई.

अन् तोंड माहं सगळ्याहून मोठं, खोटं कायले बोलू. जेवाच्या सुट्टीत बाया आपापले फोन काढत, त्यात काय काय येये. कोन्या क्रिकेटवाल्याची बायको मैदानात काळा चष्मा लावून बसली, कोन्या हिरोची बायको म्हातारपनी उघड्या पाठीचा ब्लाउज घालून लग्नात नाचली, हे सारं आम्ही पाहो अन् मंग त्याहीची धुलाई करो. नवरा शून्यावर आउट झाला का आम्ही म्हनो, होईन नाई तं काय, ही तिथं नखं रंगवून बसली तं त्याचं ध्यान बॉलवर राह्यन का. आम्ही तिघी-चौघी तं नवऱ्याच्या मांगं दिसणाऱ्या बाईचं आंग, कपडे, हसनं, सारं असं पाहो जसं काई तिची सोयरीक आमच्याच घरी करायची हाये. मले लिहिता येत नाई धड, पन फोनवर ते माइकचं बटन असते ना, बोललं का आपोआप लिहिते, ते सुजातानं मले शिकवून ठेवलं होतं. त्याले माही मराठी समजे नाई, म्हनून मी हिंदीत बोलो. एकडाव त्या चष्मेवालीच्या व्हिडिओखाली मी बोलली, घर सम्हालो बाई, मैदान में क्या काम है. झालं, लोकायनं त्याले लाइकचे अंगठे देल्ले, बाया म्हने वा बेबी, काय टाकलं. मी दिवसभर खुशीत. मले वाटे ती बाई कोनती खरी हाये, ती तं फोनातली बाई हाये.

मंग ते गानं आलं. सुजाताच्या बाबाहीनं एक नवं गानं बसवलं, त्यात एक गरिबाची बायको हाये. डोक्यावरून पदर कधी ढळत नाई, नवऱ्याले उलटून बोलत नाई, स्वता उपाशी राह्यते अन् तो घरी येयेपर्यंत दारात दिवा घेऊन उभी राह्यते. घरी पहिल्यांदा म्हनून दाखवलं तवा म्या भाकर थापता थापता इचारलं, ही कोन बाई हाये जी. तं ते म्हने, तूच तं हायेस. मले असं हसू सुटलं का भाकर तव्यावर वाकडी पडली. म्या म्हटलं, मी तं तुम्ही उशिरा आले का दाराची कडी लावून झोपून जाते. ते बी हसले. म्हने गान्यात असंच लागते बेबी, लोकायले असंच आवडते.

अन् आवडलं बी. जयंतीच्या कार्यक्रमात कोनीतरी फोनवर उतरवून घेतलं अन् ते गानं सुटलं ते सुटलंच. नागपूरहून फोन, छिंदवाड्याहून फोन, बसमधी ड्रायव्हर तेच लावे, सौंसरच्या बाजारात मी मिरच्या घ्याले गेली तं तिथं बी तेच वाजून रायलं. मानसं आमच्या घरी येऊन त्याहीच्या पाया पडत. म्हाताऱ्या बाया डोळे पुसत अन् म्हनत, त्या माउलीचं दर्सन तं करू द्या, जिच्यावर गानं लिहिलं. मी पानी घेऊन बाहेर येये, तं माह्याकडून पानी घेत अन् माह्याच मांगं पाहात, का ती माउली अजून आतून येईन.

मंग एक दिवस तो चॅनलवाला आला पांढुर्न्याहून. फोनवर बोलला नाई, सांगतलं नाई, अवचितच आला. माहा कपडे धुवाचा दिवस, आंगात गाऊन, तोही घोट्याच्या वर खोचलेला, केस वर बांधलेले, अन् गालात खर्रा. सुजाताचे बाबा पांढरा कुडता घालून हारमोनियमपाशी बसले, अन् चॅनलवाला म्हने, त्या गान्यातल्या वहिनीले बोलवा. म्या म्हटलं थांबा, लुगडं नेसून येते. तो म्हने नाई नाई काकू, नॅचरल पायजे. सुजाताचे बाबा बी म्हने ये, ये, असूदे. गेली मी. तो म्हने, काकू, काका तुमच्यावर एवढं गानं म्हनतात तं तुम्हाले काय वाटते. आता माहं तोंड भरलेलं, बोलाव कसं. मी वळली, मोरीत थुंकली, गाऊनच्या कोन्यानं तोंड पुसलं अन् म्हटलं, ती गान्यातली बाई कोन हाये ते मी बी हुडकूनच रायली भाऊ, तुम्हाले भेटली तं इकडं धाडा, माहे एवढे कपडे तं पिळून देईन. सारे हसले. चॅनलवाला हसला, सुजाताचे बाबा हसले, मी तं सगळ्याहून जोरात हसली. मले वाटलं, वा, आपन काय मस्त बोललो.

तो व्हिडिओ गान्यापेक्षा जास्त चालला.

सुजाता पांढुर्न्याले कॉलेजात, तिच्या मैत्रिनीनं पहिले तिले दाखवला. घरी येऊन तिनं पिशवी टाकली अन् फोन माह्यापुढं धरला. म्या म्हटलं, काय झालं, वाचून दाखव. ती वाचे अन् मधात थांबे, एक वाचे अन् दोन सोडून देये, मले समजे कुठं सोडते ते. एवढा गुनी कलाकार अन् नशिबी ही बाई. थुंकनं पाहा हिचं. बिचाऱ्यानं बायको पाह्यली नाई म्हनूनच असं गानं सुचलं. हिच्या पोरीवर काय संस्कार असतीन. अन् एकानं लिहिलं होतं, घर सम्हालो बाई. सुजातानं ते वाचलं अन् मी म्हटलं पुन्हा वाच, तिनं पुन्हा वाचलं. शब्दाले शब्द तेच. काय सांगू तुम्हाले ताई, आंगावरचं कापड कोनी भर चौकात ओढून नेल्यावानी झालं. मले लोकायचा राग नाई आला, मले शरम आली. राग आला असता तं बरं झालं असतं, रागाले तोंड असते. शरमेले काई नसते, बाई मुकाट भांडे घासत बसते.

अन् एक गोष्ट सांगते, ती लिहाच. सुजाताचे बाबा स्टेजवर चढाच्या आधी खर्रा घोटल्याबिगर चढत नाई. आवाज मोकळा होते म्हनतात. लोकंच आनून देतात त्याहीले, कलाकारासाठी खास म्हनून, अन् हारमोनियमच्या बाजूले पुडी राह्यते, व्हिडिओत साफ दिसते. त्याच्याखाली आजपर्यंत कोनी काई लिहिलं नाई. म्या हे त्याहीले बोलून दाखवलं. ते काई भांडले नाई, ते भांडनारे मानूस नाईत. खाली पाहून म्हने, तू निदान लुगडं नेसून आली असती. त्याहीले बी शरम वाटून रायली होती, माही. तेच मले जास्त लागलं.

त्यातच सुजाताचं स्थळ आलं. सौंसरचं घर, पोट्टा बिजलीच्या ऑफिसात, बाप रिटायर गुरुजी, विहारात वंदना घेनारे, गावात मान. पोट्ट्याले पोरगी पसंत, पोरीले पोट्टा पसंत. गुरुजी बैठकीत म्हने, तुमचं गानं आम्ही रोज ऐकतो, असं घरानं मिळालं म्हंजे भाग्य. मंग चहा पीता पीता जरा थांबून म्हने, तो दुसरा व्हिडिओ बी पाह्यला. आमच्याकडं बाया तसं काई खात नाईत, म्हनून जरा विचार पडला. एवढंच म्हने, वाईट शब्द नाई काढला. त्याहीची बायको, म्हंजे माही होनारी ईहीन, बाजूले बसली होती, पदर असा तोंडापुढं धरून, मान खाली. मले वाटलं बाई असावी तं अशी. गान्यातली उतरून येऊन बसली जशी.

साक्षगंध ठरलं, म्हंजे साखरपुडाच. आमच्या इथं आईबाप दोघं मिळून मेणबत्ती लावतात, आई ईहीनीले लुगडं देते, मंग फोटो. आठ दिवस आधीपासून मी तयारीले लागली. म्या खर्रा सोडाचा पाह्यला, खरंच पाह्यला, बडीसोप खाल्ली, इलायची खाल्ली, डोकं असं ठनके का छाटणीवर बारीक मोठं दिसे नाई, डागी संत्रं चांगल्यात टाकलं म्हनून ठेकेदाराच्या शिव्या खाल्ल्या. अन् सोडला तरी तोंडाचं काय, माहे दात तुम्ही पाहून रायल्या ना. शेवटी मीच म्हटलं. माही जाऊ संगीता, लहान दिराची बायको, अंगनवाडीत मॅडम हाये, गोरी, हळू बोलते, दात पांढरे. म्या म्हटलं, संगीता राह्यन उभी माह्या जागी, मी मांगं सयपाकाचं पाहते, तसंही आचाऱ्यावर कोनी पायजेच. ताई, म्या म्हटलं तं खरं, पन मले वाटलं होतं कोनी तरी नाई म्हनन. सुजाताचे बाबा लगेच म्हने, तेच बरं राह्यन. जरा तरी थांबाव ना मानसानं. सुजाता माह्याकडं पाहून रायली होती, मी तिच्याकडं पाह्यलंच नाई, म्हटलं हिनं नाई म्हटलं तं मी रडून देईन, अन् नाई म्हटलं नाई तं बी रडून देईन.

साक्षगंध मस्त झालं. आलूभात, वांग्याची भाजी, बुंदी, सारे म्हने सयपाक काय झाला. कोनीतरी त्याचाबी व्हिडिओ टाकला, कलाकाराच्या पोरीचं साक्षगंध म्हनून. त्यात सुजाताचे बाबा अन् संगीता सोबत मेणबत्ती लावून रायले. आता लोकायले काय माहीत. त्याहीनं लिहिलं, ही पाहा खरी बायको, ही गान्यातली माउली. एकानं लिहिलं, त्या दिवशीची कोनी कामवाली असन, उगीच बदनाम केलं बिचाऱ्याले. संगीता रडत माह्यापाशी आली, म्हने अक्का, माहं काय चुकलं सांगा. तिचं काईच चुकलं नाई. सुजातानं मले कितीतरी दिवसानं सांगतलं, आई, म्या त्याच्याखाली लिहिलं होतं का ती माही काकू हाये, माही आई ती पहिलीच. मंग तिकडून त्या पोट्ट्याचा फोन आला, म्हने घरी बाबा पाहातात, उगीच विषय कायले. मंग तिनं ते काढून टाकलं. हे सांगताना तिनं माहा हात धरून ठेवला होता. म्या म्हटलं बरं केलं बाई काढलं. अन् म्या मनापासून म्हटलं, सासरी जायाचं तिले.

लग्नात मंग वेगळं ठरवावंच लागलं नाई. सगळ्या दुनियेनं संगीतालेच आई म्हनून पाह्यलं, आता मधातच दुसरी बाई कुठून आनाव, लोकं काय म्हनतीन. तं लग्नात बी संगीताच. पोरगी उजवली ताई मी, अन् कनातीच्या फटीतून उजवली. कनात म्हंजे मंडपाचं ते मांगचं कापड. फटीतून मले सुजाताची पाठ दिसे अन् मेणबत्तीचा उजेड दिसे. पंचशील सुरू झालं तवा म्या तिथंच, मसाल्याच्या हातानं हात जोडले. तिनं मांगं वळून पाह्यलं, एकडाव, मले दिसलं. मी दिसली का नाई तिले, माहीत नाई.

जेवनं सुरू झाली तवा मी मांगं पान्याच्या टाकीपाशी बसली होती, एकटी. तेवढ्यात माही ईहीन हात धुवाच्या निमतानं आली. भारी लुगडं, डोक्यावर पदर, मांगं पुढं पाह्यलं कोनी हाये का. मी उठून उभी राह्यली, म्हटलं आता काई तरी बोलन ही, सयपाकाचं काई चुकलं असन. ती माह्या एकदम जवळ आली अन् हळूच म्हने,

बेबीबाई, तुमच्यापाशी पुडी असन ना.

मले पहिले समजलंच नाई. मंग तिनं तळहात पुढं केला, तं बोटं पाह्यली म्या तिची. खर्रा घोटनाऱ्या बाईची बोटं मी ओळखते. सकाळपासून नाई मिळाला हो, म्हने, डोकं फुटून रायलं, घरी पिठाच्या डब्यात लपवून ठेवते, आज पाहुन्याच्या गर्दीत काढताच नाई आला. मी कमरेची पुडी काढली, आम्ही दोघी बी टाकीच्या आडोशाले टेकल्या, तिनं खर्रा गालात ठेवला अन् डोळे मिटून घेतले. म्या इचारलं, गुरुजीले माहीत नाई. ती म्हने, इतके वर्स झाले, कोनालेच माहीत नाई, बोलताना पदर तोंडावर धरते ना मी. तवा मले ती बैठकीतली बाई आठवली, मान खाली, पदर तोंडापुढं. दोघी बी कनातीकडं पाहात बसल्या, तिकडून माह्या मालकाचं गानं लागलं होतं.

फोटोसाठी तिचं नाव पुकारलं तवा ती उठली, चूळ भरली, पदर सावरला, माह्यापुढं तोंड केलं अन् म्हने, पाहा बरं, वास नाई ना येत. म्या म्हटलं नाई येत. दोन पावलं गेली अन् थांबली, वळून माह्याकडं पाह्यलं. ताई, मले वाटलं, देवाशपथ वाटलं का आता म्हनन, चला बेबीबाई, तुम्ही बी चला फोटोत. ती म्हने, कोनाले सांगू नका. अन् गेली.

म्या नाई सांगतलं कोनाले. तुम्हाले सांगून रायली, पन तुम्ही नाव बदलून टाका तिचं, गावबी बदला वाटल्यास. चांगली बाई हाये ती, सुजाताले जीव लावते. पोरगी घरी आली का म्हनते, सासूबाईनं खास इचारलं तुहं, तुही आई बरी हाये का म्हने, मंग मी तिच्या पिशवीत संत्री भरून देते अन् सगळ्यात खाली, कागदात गुंडाळून एक पुडी ठेवते. सुजाताले सांगतलं हाये, पिशवी सासूनंच रिकामी कराची, आमच्यात तसं राह्यते म्हनून. तिले खरं वाटते.

छाटणी चालूच हाये. बाया आजबी जेवाच्या सुट्टीत फोन काढतात, काल कोन्या हिरोच्या बायकोचं काई आलं होतं, तं त्या म्हने बेबी, बोल ना माइकवर. म्या फोन खाली ठेवला. मी सुधरली असं लिहू नका, चांगली चुरचुरीत गोष्ट जिभेवर आली होती, पन बटन दाबाले बोट पुढं जाईना. तिच्याघरी बी कोनी पोरगी असन, जी वाचता वाचता मधात थांबत असन.

सुजाताचे बाबा बाजूच्या गावी गेले हायेत कार्यक्रमाले, तेच गानं म्हनतीन. मी काई त्याहीच्या वाईटावर नाई, आले का गरम भाकर देईन, कडी लावाची सोडली मी आता. देवानं म्हना, नाई तं नशिबानं म्हना, माही सुजाता सुखानं नांदो, तिच्या नवऱ्याची बिजली ऑफिसातली नोकरी टिको, त्याले कधी गाता न येवो, अन् माह्या पोरीवर कोनी गानं न लिहो.